वाचनास उभे राहिलेले मूल का थरथरते?

इयत्ता सहावीत मराठी वाचनाचा तास चालू असतो. एकेक विद्यार्थी क्रमाने उभा राहून परिच्छेद वाचतो. चौथ्या बाकावरील मुलीचे लक्ष पाठाकडे नसते. आपल्या वाट्यास कोणता परिच्छेद येणार, हे ती मोजीत असते. नाव पुकारले जाताच ती उभी राहते. पण हातातील पुस्तक हलू लागते, तोंडास कोरड पडते, अक्षरे डोळ्यांपुढे फिरतात आणि आवाज घशातच राहतो. वर्ग हसतो. शिक्षक 'बस खाली' म्हणतात व पुढील नाव पुकारतात. पुढच्या आठवड्यात नेमक्या त्याच वारी त्या मुलीचे पोट दुखू लागते आणि हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडते.

हे पोटदुखीचे ढोंग आहे, अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ आहे. ती चुकीची आहे. अशा मुलाचे पोट बहुधा खरोखरच दुखत असते.

भयाच्या वेळी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळते, तळहातांस घाम सुटतो आणि ताठरलेले स्नायू कापू लागतात. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी भय व क्रोध यांच्या वेळी होणाऱ्या अशा बदलांचे विवेचन करणारा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध केला. लढणे किंवा पळणे यांसाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय. वाघ समोर आला असता ती उपयोगी पडेल. वर्गात मात्र पळावयास वाट नसते आणि लढावयास शत्रू नसतो. त्यातच मूल भराभर श्वास घेऊ लागले, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते. त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात आणि डोके हलके वाटते. मग 'आता आपण पडणार' या विचाराने भय आणखी वाढते. भयाचा असा तीव्र झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत कळसास पोहोचतो व नंतर आपोआप ओसरू लागतो.

हे ओसरणे मुलाच्या अनुभवास यावे, हाच उपायाचा गाभा आहे. 'बस खाली' हे शब्द दयेपोटी उच्चारलेले असले, तरी त्यांचा परिणाम विपरीत होतो. भय ऐन भरात असता सुटका झाली की, सुटकेमुळेच आपण वाचलो, असे मूल शिकते आणि पुढील वेळी भय अधिक लवकर येते. उलटपक्षी, 'भित्री भागूबाई' म्हणून हिणवून किंवा छडीच्या धाकाने वाचावयास लावणे हे तर निव्वळ क्रौर्य होय. शिक्षकांनी मधला मार्ग धरावा. परिच्छेदाऐवजी एकच ओळ वाचावयास सांगावी, पुस्तक हातात न धरता बाकावर ठेवू द्यावे (घट्ट धरलेले पुस्तक अधिकच हलते), आणि ती ओळ पुरी होईपर्यंत शांतपणे थांबावे. वर्गाच्या हसण्यास पायबंद घालणे, हे काम शिक्षकांचेच आहे.

श्वासाचा अभ्यास मूल शांत असताना करून घ्यावा. भय आल्यावर तो प्रथमच शिकविणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. एक हात पोटावर ठेवून मनात तीनपर्यंत मोजीत नाकाने श्वास घ्यावा आणि सहापर्यंत मोजीत सावकाश सोडावा. श्वास खोल ओढण्यापेक्षा तो सोडणे लांबविण्यावर भर असावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. तो झटका दम्याचा असल्यास धोका संभवतो.

यापुढे पायऱ्या हव्यात. प्रथम सर्व वर्गासह सामुदायिक वाचन, मग शेजारच्या मैत्रिणीबरोबर जोडीने, मग जागेवर बसून एकट्याने, नंतर उभे राहून, आणि सर्वांत शेवटी फळ्यापाशी. एका पायरीवर थरथर पुरेशी कमी झाली म्हणजे दुसरी घ्यावी. यास कधी दोन आठवडे लागतात, कधी एक सत्रही पुरत नाही. अभ्यासक्रम मागे पडेल ही शंका येथे गैरलागू आहे, कारण वाचन हाच अभ्यासक्रम आहे.

प्रत्येक थरथर भयाचीच असते, असेही मानू नये. परिपाठाच्या वेळी उपाशीपोटी उन्हात उभ्या असलेल्या मुलास येणारी भोवळ निराळी. त्यास सावलीत निजवून पाय उंच करावेत. धाप, छातीत धडधड किंवा फिकटपणा वारंवार आढळल्यास रक्तक्षय, दमा, हृदयविकार यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून करून घ्यावी. शरीरात दोष न आढळूनही मूल शाळा टाळीत राहिले, तर पालकांस १४४१६ या टेलिमानसच्या निःशुल्क क्रमांकाची माहिती द्यावी. ही सेवा २०२२ साली सुरू झाली.

तपासणीच्या दिवशी काही शिक्षकांच्या हातातील खडूही थरथरतो, हे सर्वांस ठाऊक आहे; त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, इतकेच. अशा शिक्षकांनी आपली ही अवस्था त्या चौथ्या बाकावरील मुलीस एकदा मोकळेपणाने सांगावी.