परसांतील वाफ्यांवर आच्छादन

चैत्र-वैशाखांत विहिरीचें पाणी तळास जातें आणि परसांतील वांगीं-मिरचीचे वाफे सुकूं लागतात. अशा वेळीं असलेली ओल राखणें हाच खरा उपाय होय. तो आच्छादनानें साधतो.

आच्छादनास उसाचें पाचट, भाताचा पेंढा किंवा झाडांचा वाळलेला पाला घ्यावा. बीं धरलेलें तण घेऊं नये. तें वाफ्यांतच रुजतें. लाकडाचा ताजा भुसा मातींत मिसळूं नये. तो कुजतांना जमिनींतील नत्र ओढून घेतो व रोपें पिवळीं पडतात.

प्रथम वाफा खुरपून भरपूर पाणी द्यावें. वाफसा येतांच २-३ इंच जाडीचा थर पसरावा. कोरड्या जमिनीवर पसरल्यास पुढें पडणारी हलकी सर वरच अडते, मातीपर्यंत पोंचत नाहीं. आम्हीं पहिल्या वर्षीं पाचट थेट खोडांस भिडविलें. सततच्या ओलीनें बुंधे कुजून निम्मीं रोपें गेलीं. म्हणून खोडाभोंवतीं चार बोटें जागा मोकळी ठेवावी. वाळवी दिसतांच तेवढा थर काढून टाकावा.

पाचट जाळणाऱ्या बांधवांनीं यंदां एका वाफ्यावर तें पसरून शेजारचा उघडा ठेवावा. पाणी दिल्यावर ८ दिवसांनीं दोहोंची माती मुठींत घेऊन पाहावी. निराळा पुरावा लागणार नाहीं.