वॉर्डातील अनेक गुरू

वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण किंवा भौतिकोपचार, यांपैकी कोणताही अभ्यासक्रम घेतला तरी रुग्णालयात प्रत्यक्ष शिकण्याचा काळ येतोच. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी त्यासाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, जातात. या काळात विद्यार्थी बहुधा आपल्याच विषयाच्या शिक्षकांमागे फिरतो. शेजारी काम करणारे इतर जाणकार त्याला दिसतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली नेमका याच गोष्टीवर भर दिला: आरोग्यसेवेतील वेगवेगळ्या व्यवसायांच्या लोकांनी एकमेकांकडून व एकमेकांसोबत शिकावे, त्यात रुग्णाचे हित आहे.

कोणाकडून काय शिकावे?

१. परिचारिका : ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला काय सांगते ते ऐकावे. रात्री कोणाला धाप लागली, कोणाची लघवी कमी झाली, हे तिला प्रथम कळते.

२. प्रयोगशाळा तंत्रज्ञ : रक्त सुईतून जोराने नळीत ढकलले तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. साखरेच्या तपासणीचे रक्त साध्या नळीत फार वेळ राहिले तर आकडा कमी येतो. अशा आकड्यावर उपचार झाले तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो.

३. औषधनिर्माता : रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनसोबत रुग्ण अ‍ॅस्पिरिन घेत असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा जोड्या त्याच्या लक्षात असतात.

४. भौतिकोपचारतज्ज्ञ : अर्धांगवायूच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. उठवावे कसे, हे त्यांच्याकडूनच पाहून घ्यावे.

५. समाजसेवा अधीक्षक : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतात, हे कळल्याने गरीब रुग्णाचा उपचार अडत नाही.

पदवी आणि ज्ञान यांचा हिशेब वेगळा असतो, हे जामखेडने दाखवून दिले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत दलित व निरक्षर स्त्रिया पुष्कळ होत्या. पुढे देशविदेशांतून विद्यार्थी जामखेडला शिकायला आले, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत या स्त्रियाही होत्या. ज्यांच्या हातचे पाणी घेण्यास गाव कचरत असे, त्यांच्यापुढे पदवीधर वही उघडून बसले. शिक्षणाने घडवलेले याहून मोठे परिवर्तन कोणते?

बँकेतही नवा अधिकारी काउंटरचे काम जुन्या कारकुनाकडूनच समजून घेतो. त्यात त्याचा अधिकार कमी होत नाही, चुका मात्र कमी होतात.

म्हणून काही नियम पाळावेत. गर्दीच्या वेळी प्रश्न विचारू नयेत, काम हलके झाल्यावर विचारावेत. रोज एका व्यक्तीकडून एक गोष्ट शिकून ती वहीत लिहावी, मात्र रुग्णाचे नाव लिहू नये. जे पाहिले ते स्वतः करण्यापूर्वी आपल्या मार्गदर्शकाची परवानगी घ्यावी. आणि वॉर्डातल्या मावशींपासून तंत्रज्ञापर्यंत सर्वांना ‘अहो’ म्हणावे.

उद्या आपण कोणीही झालो, तरी रुग्ण एकट्या आपल्यामुळे बरा होणार नाही. हे वॉर्डात असतानाच उमगले, तर पुढच्या असंख्य रुग्णांचे भले होईल.