उड्डाणापूर्वीची शांतता

मुलांनो, सुट्टीत भारतात जाताना तुम्ही विमानात बसता, पट्टा लावता आणि खिडकीबाहेर पाहू लागता. विमान अजून जागेवरच उभे असते. तुम्हाला वाटेल, वैमानिक आता निवांत बसले असतील. खरे तर ही त्यांची फार धांदलीची वेळ असते. इंधन किती, वजन किती, वारा कुठून, धावपट्टी कोणती हे सारे पाहायचे असते. संगणकात मार्ग भरायचा असतो. तेवढ्यात कोणी कागद घेऊन येते, रेडिओवर सूचना येते आणि हातातले काम अर्धे राहते.

अर्धे राहिलेले काम केवढे महाग पडते ते पाहा. १६ ऑगस्ट १९८७ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे विमान डेट्रॉइटहून फिनिक्सला निघाले. ऐन वेळी धावपट्टी बदलली. सहवैमानिक नवी माहिती घेण्यात गुंतला. याच सुमारास पंखांचे फ्लॅप खाली करायचे होते, ते राहून गेले. तपासणीची यादीही वाचली गेली नाही. चूक झाल्यास इशारा देणाऱ्या यंत्राला वीज मिळत नव्हती, म्हणून तेही गप्प राहिले. विमान उचलले आणि लगेच कोसळले. जमिनीवरच्या दोघांसह १५६ माणसे गेली. कॅप्टन नवखे नव्हते. त्यांना वीस हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता.

मग ३१ ऑगस्ट १९८८ रोजी डॅलसला डेल्टाच्या विमानाचे तसेच झाले. तिथे यादी वाचली गेली. "फ्लॅप?" या प्रश्नाला "पंधरा" असे उत्तरही मिळाले. पण फ्लॅप खाली केलेलेच नव्हते! त्याआधी रांगेत थांबले असताना कॉकपिटमध्ये गप्पा चालल्या होत्या. या अपघातात १४ जण दगावले. उड्डाणाच्या वेळी दहा हजार फुटांखाली आणि जमिनीवर विमान चालवतानाही कामाशिवाय बोलायचे नाही, असा नियम अमेरिकेत १९८१ सालीच झाला होता.

हुशार माणसे असे का विसरतात? याचा अभ्यास आपल्या सनीव्हेलच्या शेजारीच झाला. १०१ वरून जाताना तो प्रचंड हँगर दिसतो ना, ते मॉफेट फील्ड. तिथल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी असफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये तपासणी-याद्यांवर अहवाल लिहिला. रोज तीच यादी वाचली की डोळे बटणाकडे जातात, पण जे असायला हवे तेच मनाला दिसते. म्हणून नुसते बोलू नका, वस्तूला हात लावा, आणि शेवटी "यादी पूर्ण" असे मोठ्याने म्हणा, असे त्यांनी सुचवले. एम्सच्या पुढच्या अभ्यासांतूनही हेच दिसले की, मध्येच सुटलेले काम आपोआप आठवत नाही. कोणी किंवा कशाने तरी आठवण करून द्यावी लागते.

पालकहो, हे फक्त वैमानिकांचे नाही. मागे एकदा मराठी वर्गाला निघताना मी धाकट्या मुलीचा पट्टा लावत होतो. फोन वाजला. बोलणे संपवून मी थेट गाडी सुरू केली. सिग्नलला थांबल्यावर मागे पाहिले, तर पट्टा मोकळाच! मी शपथेवर सांगितले असते की तो लावला होता.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: गाडीची दारे लागली की गप्पा बंद. मी विचारतो, "पट्टे?" प्रत्येक जण आपल्या पट्ट्याला हात लावून म्हणतो, "लावला." मध्ये कोणी बोलले किंवा फोन वाजला, तर पुन्हा पहिल्यापासून. गाडी रस्त्याला लागली की मग हवा तेवढा गोंधळ! मुलेच आता मला दटावतात, "बाबा, यादी पूर्ण म्हटलं नाहीत!"

शब्दार्थ
धांदल – घाई-गडबड
फ्लॅप – पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग. कमी वेगातही विमान उचलायला मदत करतो
नवखा – अनुभव नसलेला
दटावणे – धाक दाखवून सांगणे

स्वाध्याय
१. डेट्रॉइट आणि डॅलस येथील चुकांत काय फरक होता?
२. यादी वाचताना वस्तूला हात का लावायचा?
३. शाळेला निघतानाची पाच कामांची यादी मराठीत लिहा आणि आठवडाभर मोठ्याने वाचा.