शनिवार-रविवारचा उपक्रम : कटिंग मशीनवर घनाच्या घडणी



घरी क्रिकटसारखं कटिंग मशीन असेल तर स्टिकर, तोरणं, वाढदिवसाची सजावट होतेच. पण मशीन फक्त कापतं, विचार करत नाही. विचाराचा भाग मुलांसाठी राखून ठेवला, तर त्याच मशीनवर छान भूमिती शिकता येते.

साहित्य : चौकटींचा कागद, पेन्सिल, जाड कार्डशीट, गोंद.

कृती :

1. सहा समान चौरस कडेला कड जोडून किती प्रकारे मांडता येतात, ते मुलांना चौकटींच्या कागदावर काढू द्या. फिरवलेल्या, उलटवलेल्या रचना एकच धरल्या तर एकूण 35 होतात. घन मात्र फक्त 11 रचनांचाच होतो.

2. "हिचा घन होईल का?" याचा अंदाज आधीच लिहून घ्या.

3. चौरसाची बाजू 5 सेंमी ठेवा. घडीच्या रेषा तुटक द्या, नाहीतर तुकडे सुटे होतील.

4. कापून झाल्यावर कागद ओढू नका. चिकट मॅट उलटी करून वाकवा, म्हणजे कागद वळत नाही.

5. घन होणाऱ्या घडणीला चिकटपट्ट्या किती लागतील, हे विचारा. घनाला कडा 12, त्यांतल्या 5 घडीच्या. म्हणून कुठल्याही घडणीला पट्ट्या 7 च!

चुकीचा अंदाजही जरूर कापू द्या. कुठे दोन चौरस एकावर एक येतात, कुठे घडीच बसत नाही. "असं का झालं?" हे मूल स्वतः सांगू लागलं, की धडा समजला म्हणायचा.