कागदी धूमकेतू

शेपटाला आडवे पंख नसलेले विमान तुम्ही कधी पाहिले आहे का? दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने असे एक लढाऊ विमान बनविले होते. त्याचे नाव मेसरश्मिट १६३ ‘कोमेट’. कोमेट म्हणजे धूमकेतू. अलेक्झांडर लिपिश यांच्या आराखड्यावरून ते तयार झाले. त्याच्या शेपटात रॉकेट इंजिन होते. २ ऑक्टोबर १९४१ रोजी हाइनी डिटमार या वैमानिकाने त्याचा एक प्रायोगिक नमुना ताशी १००४ किलोमीटर वेगाने उडविला. १९४४ मध्ये हे विमान प्रत्यक्ष लढाईत उतरले.

आडव्या शेपटाशिवाय ते आपला तोल कसा सांभाळत असेल? चला, त्याचे कागदी प्रतिमान करून पाहू.

प्रमाण : खऱ्या विमानाचा पंखविस्तार ९.३ मीटर आणि लांबी ५.७ मीटर होती. आपण १:५० हे प्रमाण घेऊ. म्हणजे पंखविस्तार १८.६ सें.मी. आणि लांबी ११.४ सें.मी. येईल.

साहित्य : पोस्टकार्डाइतका जाड कागद, पट्टी, पेन्सिल, कात्री, ब्लेड, डिंक, यू-पिना.

कृती :
१) कागद दुहेरी दुमडून चिकटवा. वाळल्यावर त्यावर ११.४ सें.मी. लांब व मध्ये ३ सें.मी. उंच असा माशाच्या आकाराचा सांगाडा काढा. मागच्या बाजूला, पाठीवर, २.५ सें.मी. उंचीचे उभे शेपूट जोडूनच काढा आणि कापा.
२) दोन्ही पंख एकाच कागदातून कापा. पंखाची रुंदी मधोमध ५.५ सें.मी. आणि टोकाला २.५ सें.मी. ठेवा. टोकाची पुढची कड मधल्या कडेपेक्षा ४.५ सें.मी. मागे हवी.
३) धडाच्या मध्यउंचीवर, नाकापासून ४ सें.मी. अंतरावर, ५.५ सें.मी. लांबीची आडवी चीर पाडा. ब्लेड वापरताना मोठ्या माणसांची मदत घ्या. चिरेतून पंख सरकवून डिंक लावा.
४) पंखांच्या मागच्या कडेला, टोकांजवळ, प्रत्येकी ३ सें.मी. लांब व १ सें.मी. रुंद झडप कापा. ती फक्त पुढच्या कडेने पंखाला जोडलेली राहू द्या.

आता प्रतिमान हळूच फेका. ते डगमगेल, गिरक्या खाईल. मग नाकाला यू-पिना लावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून (धडाजवळ मोजून) २.५ सें.मी. मागे दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरले असता प्रतिमान आडवे राहिले पाहिजे. पुन्हा फेका. आता ते नाक खाली करून जमिनीकडे झेपावेल. शेवटी दोन्ही झडपा सारख्याच, २-३ मिलिमीटर वर वळवा. आता ते सरळ तरंगत जाईल.

असे का झाले? पंखांना मिळणारा वरचा जोर वजनाच्या मध्याच्या थोडा मागे लागतो. त्यामुळे नाक खाली जाऊ पाहते. वर वळलेल्या झडपांमुळे पंखांची टोके खाली दाबली जातात. ही टोके बरीच मागे असल्याने नाक वर उचलले जाते. वेग वाढला की हा परिणामही वाढतो, नाक वर येते आणि वेग आपोआप कमी होतो. आडव्या शेपटाचे काम मागे झुकलेले पंखच करतात!

खऱ्या कोमेटला या समतोलाची फार गरज होती. हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यातील एक द्रव्य. दुसऱ्यात मिथेनॉल व हायड्रॅझिन हायड्रेट असे. दोन्ही एकत्र येताच पेट घेत. गळती झाली तर ती वैमानिकाच्या जिवावर बेतत असे. सुमारे दोन टनांचा हा साठा आठेक मिनिटांतच संपे. चाके तर उड्डाणानंतर लगेच खाली टाकलेली असत! मग हे विमान इंजिनाशिवाय तरंगत येऊन पोटाखालच्या घसरपट्टीवर उतरे. अंदाज चुकला तर पुन्हा वर जाण्याची सोय नव्हती. त्या शेवटच्या काही मिनिटांत युद्धातला हा धूमकेतू तुमच्या हातातल्या कागदी विमानासारखाच असे.

आता एक यू-पिन नाकावरून काढून शेपटाला लावा. काय होईल? आधी अंदाज वहीत लिहा, मगच प्रतिमान फेका!