वाजवणाऱ्यांनी पाहावी अशी गावे



गुरुजींनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी 'पाहण्यासारखी ठिकाणे' हा विषय दिला. वर्गातल्या नऊ जणांनी लोणार लिहिले आणि सहा जणांनी सिंदखेड राजा. लोणार चांगलेच आहे, पण एका भिंतीवर नऊ लोणार कशाला? म्हणून मी वाजवणाऱ्या लोकांसाठी लिहितो. म्हणजे मृदंगवाले, ढोलवाले, संबळवाले, डफडेवाले. आमचे आबाजी म्हणतात की वाजवणारा माणूस नवीन गावात गेला की आधी कानाने गाव पाहतो, डोळ्याने मागून. आबाजी म्हणजे माझ्या बाबांचे वडील. ते डफडे वाजवतात. पोळ्याला बैलांपुढे आणि २६ जानेवारीला आपल्या लेझीमपुढे तेच असतात, म्हणून तुम्ही सगळे त्यांना ओळखता.

पहिले गाव आपल्याच जिल्ह्यातले, शेगाव. तिथे गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रथम दिसले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली, हे सर्वांना पाठ आहे. पण वाजवणाऱ्याने तिथली पालखी पाहावी. आषाढीसाठी ती पायी पंढरपूरला जाते आणि येताना सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव असे करत परत येते. पांढरे कपडे घातलेले वारकरी ओळीने चालतात. टाळ पुष्कळ असतात, मृदंग थोडे. तरी सगळ्यांचा पाय एकदमच पडतो. मृदंग गळ्यात अडकवून, चालत चालत, उन्हापावसात वाजवायचा, ही गंमत नाही. आबाजी म्हणतात, "टाळ चुकला तं एकट्याचा चुकते, मृदंग चुकला तं साऱ्याईचे पाय चुकतात."

शेगावची पालखी जिथे जाते ते पंढरपूर दुसरे. देवदर्शन तर करायचेच, पण मृदंग करणाऱ्यांची दुकानेही पाहायची. मृदंगालाच पखवाज म्हणतात. लाकडाचा गोल ओंडका आतून कोरून पोकळ करतात. दोन्ही तोंडांवर बकऱ्याच्या कातड्याची पुडी बसवतात आणि चामड्याच्या वाद्यांनी (वादी म्हणजे लांब पट्टी, वाजवायचे वाद्य नव्हे) ताणून आवळतात. वाद्यांखाली लाकडाचे गट्टे सरकवतात. गट्टा ठोकून खाली नेला की पुडी ताणते आणि आवाज चढतो. डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात, त्यामुळे आवाज जड आणि घुमणारा होतो. कार्यक्रम संपला की कणीक खरवडून काढतात.

उजव्या पुडीवर मधोमध काळा गोल असतो. तो रंग नाही. त्याला शाई म्हणतात. लोखंडाची बारीक पूड आणि खळ एकत्र करून पातळ थर देतात, गुळगुळीत दगडाने घोटतात, मग पुढचा थर देतात, पुन्हा घोटतात. असे पुष्कळ थर होतात. घाई केली तर शाई उडते.

ही शाई कशासाठी? हे मला सगळ्यात आवडले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साध्या कातड्यावर काठी मारली की एक आवाज निघत नाही, खूप आवाज एकदम निघतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून डफड्याचा आवाज कडकड असा येतो. तो लांब जातो, पण त्यात सूर धरता येत नाही. मधे शाईचे वजन बसवले की ते आवाज एकमेकांशी जुळतात, आणि म्हणून तबला व मृदंग सुरात लावता येतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली यावर लिहिले. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते प्रकाशाच्या शोधासाठी. एवढा मोठा शास्त्रज्ञ तबल्याच्या शाईचा विचार करत बसला, आणि ती शाई लावणारे कारागीर त्याच्या किती आधीपासून ती बरोबर लावत होते! ज्याला वाटेल त्याने घरी जाऊन डब्यावर बोटाने वाजवून पाहावे. आधी मधे, मग कडेला. दोन्ही आवाज वेगळे येतील. (आईला विचारून डबा घ्यावा.)

डफडे शेकतात का, हेही मला बरेच जण विचारतात. पावसाळ्यात हवा ओली असते. कातडे ओल धरते आणि सैल पडते. मग कडब्याचा जाळ करून त्यावर डफडे दुरून फिरवतात. ओल उडते, कातडे आखडते आणि आवाज मोकळा होतो. फार जवळ नेले तर फाटते. आता काही जण प्लॅस्टिकचे पान बसवतात, ते शेकावे लागत नाही. आबाजी त्याला डफडे म्हणतच नाहीत.

आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांची समाधी आहे. तिथे जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. लांबलांबची मुले आळंदीत राहून कीर्तन आणि मृदंग शिकतात. आपल्यापेक्षा थोडीच मोठी मुले पहाटे उठून बोल म्हणतात. वाजवण्याआधी तोंडाने म्हणायचे असते. तोंडात बसल्याशिवाय हातात येत नाही.

पुण्याला गणपतीत जावे. पण खरी गंमत त्याच्या आधी दोन महिने असते, असे माझ्या मामाने सांगितले. तो तिथे कामाला आहे. संध्याकाळी नदीच्या काठाला ढोल-ताशाची पथके सराव करतात. ढोल कमरेला बांधतात, एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप. ताशा लहान असतो, दोन बारीक काड्यांनी वाजवतात, पण मालक तोच. ताशा जसा सांगेल तसे ढोल वागतात. पुण्यात शाळांचीसुद्धा पथके आहेत आणि त्यांत मुलीही कमरेला ढोल बांधतात. हे मी आमच्या ताईला सांगितले तेव्हापासून ती पाण्याच्या हंड्यावर वाजवते.

पुणे जिल्ह्यातच नारायणगाव आहे. त्याला तमाशापंढरी म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. ढोलकी ऐकायची तर हे गाव. ढोलकीच्या एका तोंडाला शाई असते, म्हणून ती बोलते. पालकांनी मुलांना घेऊन तमाशाला जावे की नाही हे मी सांगू शकत नाही, पण ढोलकी ऐकायला हरकत नसावी.

नांदेड जिल्ह्यात माहूरला रेणुकामातेचा गड आहे. तिथे गोंधळ्यांचे संबळ ऐकावे. संबळ म्हणजे जोडीने बांधलेली दोन वाद्ये, काठ्यांनी वाजवतात. कोल्हापूरकडे हलगी आहे. ती आमच्या डफड्याची बहीणच. कुस्तीच्या फडात हलगी कडाडली की पैलवानाच्या अंगात जोर येतो म्हणतात.

गोव्याला घुमट असते. ते मातीचे मडके, दोन्हीकडून उघडे. एका तोंडावर कातडे आणि दुसरे तोंड हाताने झाकत-उघडत वाजवतात. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राणी मारायला बंदी झाली आणि आता बकऱ्याचे लावतात.

अजिंठा जवळच आहे. तिथे पहिल्या लेण्यात नाच चाललेला आहे आणि बायका वाद्ये वाजवताना रंगवल्या आहेत. दीड हजार वर्षे झाली, अजून वाजवतच आहेत. वाजवणाऱ्यांची चित्रे राजांच्या शेजारी काढली आहेत, हे मला विशेष वाटले.

आता शेवटचे गाव. सांगली जिल्ह्यातले वाटेगाव, तालुका वाळवा. तिथे १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. ते आमच्याच मातंग समाजातले. शाळेत ते फक्त दीड दिवस गेले. पुढे घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेले आणि गिरणीत काम केले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. डफ, ढोलकी, तुणतुणे घेऊन ते कामगारांपुढे पोवाडे गात. 'फकिरा' ही कादंबरी लिहिली, तिला सरकारचे बक्षीस मिळाले. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. २०२२ साली त्यांचा पुतळा मॉस्को शहरात बसला. वाटेगावात त्यांचे स्मारक आहे.

हे गाव मी शेवटी का लिहिले ते सांगतो. मी डफडे शिकावे हे माझ्या बाबांना आवडत नाही. ते म्हणतात, "पुस्तक धर, काड्या धरू नको." बाबा लहान असताना आबाजींबरोबर एका लग्नात वाजवायला गेले होते. सकाळपासून वाजवले. सगळे लोक नाचले. जेवायच्या वेळी ह्या दोघांना मांडवाच्या बाहेर, जिथे जोडे ठेवले होते तिथे बसवले आणि सगळ्यांचे झाल्यावर वाढले. त्या दिवसापासून बाबांनी काड्या हातात घेतल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही सांगितले होते की गावाने हलकी ठरवलेली कामे सोडा आणि शिका. बाबांचे म्हणणे मला पटते. आबाजींचे पण पटते. आबाजी म्हणतात, "वाजवनं हलकं नाई बाबू, बाहेर बसवनं हलकं हाये." दोघांचे यावर बोलणे झाले की घरात थोडा वेळ कोणी बोलत नाही.

माझे म्हणणे असे आहे की मी दोन्ही करीन. शाळेतून आल्यावर आधी गृहपाठ, मग काड्या. लेझीमला आबाजींचा हात आता लवकर दुखतो, कोणाला तरी यावेच लागेल. आणि ज्या पालकांच्या घरी यंदा लग्न आहे आणि डफडे सांगितले आहे, त्यांनी वाजवणाऱ्यांना पंगतीत बसवावे, अशी माझी विनंती आहे. त्याला जास्त खर्च येत नाही.

हा लेख मी काल रात्री घरी वाचून दाखवला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत वाटेगावले जाऊ. पुण्याहून कराडची गाडी भेटते." आबाजींनी लगेच विचारले, "डफडं घ्याचं का संगं?" बाबा म्हणाले, "यष्टीत जागा भेटली तं घ्या."

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी