एसजीपीटी थोडे वाढले असेल तर

जयगड, ता. जि. रत्नागिरी



एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम आहेत. पेशी झिजतात तेव्हा ती थोडी रक्तात उतरतात, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतात. पेशींना सूज आली किंवा इजा झाली की त्यांचे प्रमाण वाढते. बहुतेक प्रयोगशाळा लिटरमागे 40 युनिटांच्या आसपास वरची मर्यादा छापतात, आणि त्या मर्यादेच्या पाचपटीच्या आतली वाढ डॉक्टर साधारणपणे सौम्य मानतात. अहवालात 62 किंवा 90 ठळक छापलेले दिसले की घरात धास्ती पसरते. त्या आकड्यातून एवढेच कळते की कुठल्या तरी पेशींतून एन्झाइम नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडते आहे. यकृत आपले काम किती नीट करते, हे त्याच अहवालातल्या बिलिरुबिन व अल्ब्युमिन या आकड्यांवरून आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून ठरते. हे तिन्ही ठीक असतील तर विचार करायला वेळ आहे. मात्र वेळ आहे म्हणून कागद कपाटात टाकून देऊ नये.

एन्झाइम ज्यांतून बाहेर पडते त्या पेशी यकृताच्याच असतील असेही नाही. एसजीओटी हृदयात, स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असते. 1954 साली अमेरिकी संशोधकांनी रक्तातल्या या एन्झाइमकडे प्रथम लक्ष वेधले ते हृदयविकाराच्या झटक्याच्या संदर्भात. स्नायूंवर जबर ताण पडला तर एसजीपीटीही थोडे चढते. जयगडात ही गोष्ट फार उपयोगाची आहे. जहाजावर जाणारे, बंदरात किंवा वीज प्रकल्पात नोकरीला लागणारे तरुण वैद्यकीय तपासणीला जातात, आणि आदल्या दिवसांत कुणी जाळी ओढलेली असतात, कुणी नुकतीच जिम सुरू केलेली असते. अशा वेळी सीपीके नावाची स्नायूंची तपासणी केली की उलगडा होतो. म्हणून रक्त देण्याआधी आठवडाभर जड व्यायाम व अंगमेहनत टाळावी, आणि आकडा वाढलेला आला तर सर्वांत आधी दोन ते चार आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. साधा विषाणूताप येऊन गेल्यावर वाढलेली एन्झाइम पुष्कळदा तेवढ्या अवधीत आपोआप उतरतात.

मधल्या दिवसांत एक काम मनापासून करावे: गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेल्या प्रत्येक औषधाची यादी. टीबीच्या गोळ्या, फिटची काही औषधे, मेथोट्रेक्सेट, वरचेवर घेतलेले पॅरासिटामॉल, जिममधली पावडर, सगळे तीत यावे. टीबीचे औषध मात्र आकडा पाहून स्वतःच बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. कोलेस्टेरॉलच्या गोळीने आलेली थोडीशी वाढ बहुधा गोळी थांबवण्याचे कारण होत नाही. यादीतून हमखास सुटतात ते काढे, कारण झाडपाल्याला कुणी औषध समजत नाही. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असेही म्हटले. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. एन्झाइम वाढलेल्या माणसाने तोवर काढा बंद ठेवावा आणि डॉक्टरांना तो न लपवता सांगावा. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीलाही हेच लागू. कारण शोधायच्या आधी टॉनिक सुरू केले, तर पुढचा आकडा कशामुळे बदलला हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या तपासणीतही वाढ कायम राहिली तर आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा सापडते ती यकृतातली चरबी. त्यासाठी माणूस लठ्ठ दिसावा लागत नाही. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर गेली की धोका धरावा. मधुमेह आणि वाढलेली ट्रायग्लिसराइड हे तिचे नेहमीचे सोबती. चरबीच्या आजारात सुरुवातीला एसजीपीटी जास्त असते. एसजीओटी त्याच्या दुप्पट असेल तर दारूचा संशय घ्यावा लागतो, आणि दारूबद्दल डॉक्टरांशी खोटे बोलणारा स्वतःचेच नुकसान करतो. सोनोग्राफीत चरबी दिसते, पण यकृतात वण किती झाला ते सहसा कळत नाही. त्यासाठी फिब-4 नावाचा सोपा हिशेब आहे: वयाला एसजीओटीने गुणायचे, मग हजारांतल्या प्लेटलेट आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. वय 40, एसजीओटी 45, एसजीपीटी 62, प्लेटलेट 2 लाख 20 हजार, तर उत्तर सुमारे 1.04 येते. 1.3 च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता कमी. पस्तिशीच्या आतल्या माणसाला हा हिशेब भरवशाचा नाही.

चरबीवरचा उपाय वजन उतरवणे. शंभरात पाच किलो उतरले तरी चरबी घटते. सात ते दहा उतरले तर सूजही ओसरते. माशाचे कालवण सोडायची गरज नाही. भाताचे दुसरे वाढप, गोड सरबते, थंड पेयांच्या बाटल्या आणि रोजचे तळण कमी करावे, आणि रोज चालावे.

वाढ टिकून असेल तर हिपॅटायटिस बी आणि सी या दोन तपासण्या चुकवू नयेत, कसलाही त्रास नसला तरी. हे विषाणू वर्षानुवर्षे एवढ्याशा वाढलेल्या आकड्याआड राहू शकतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी सुरू झाला, आणि त्यात तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. सी आता गोळ्यांनी बरा होतो. बी ताब्यात ठेवता येतो आणि घरातल्या बाकीच्यांना लस देता येते. सहा महिन्यांनंतरही कारण सापडले नाही तर थायरॉइड, लोहाचे प्रमाण, शरीराची स्वतःविरुद्धची प्रतिकारशक्ती आणि तरुण वयात तांबे साठवणारा विल्सनचा आजार हे पाहिले जाते. यकृताचा तुकडा काढून तपासायची वेळ थोड्यांवरच येते.

वाट पाहण्याचा हा सगळा सल्ला ताप नसलेल्या माणसासाठी आहे. कोकणात लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्याला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, विचार आधी करावा. या आजारात बिलिरुबिन खूप चढते, पण एसजीपीटी पुष्कळदा थोडेच वाढते. त्यामुळे छोटा आकडा पाहून निर्धास्त राहणे घातक ठरते. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, गुंगी आली किंवा कुठून रक्त येऊ लागले, तर पुन्हा तपासणीची तारीख न पाहता त्याच दिवशी रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय गाठावे आणि चिखलातल्या कामाची माहिती तिथल्या डॉक्टरांना आधी द्यावी.

तुझा मामा